पंडिता रमाबाई आणि येशू हें नांव

पंडिता रमाबाई ह्यांचा जन्म सन १८५८ सालीं झाला. संस्कृत त्या बाळपणींच आईपासून शिकल्या. सन १८७८ मध्यें कलकत्त्याच्या विद्वानांनीं त्यांस पंडिता ही पदवी दिली. सन १८८३ मध्यें इंग्लंडांत त्यांचा बाप्तिस्मा झाला. पुढें पुणें जिल्ह्यांत केडगांवीं त्यांनीं निराधार स्त्रियांकरितां मुक्तिसदन उभारिलें. तेथेंच, अल्पशिक्षित स्त्रीसही शास्त्र समजावें म्हणून, इब्री व ग्रीक भाषा शिकून त्यांनीं सबंध पवित्र शास्त्राचें सोप्या मराठींत भाषांतर केलें.

इंग्रजींत प्रभूच्या नांवाच्या शेवटीं ‘स’ ऐकूं येतो. मग आपलें ‘येशू’ हें अपुरें आहे काय? मुळीच नाहीं. ग्रीक शास्त्रांत हें नांव कर्ता असतां ‘येसूस’, कर्म असतां ‘येसून’ व षष्ठींत ‘येसू’ असें होतें. संस्कृतांत ‘रामः’, ‘रामम्’ होतें, तसेंच हें. अंतींचा ‘स’ हा केवळ प्रत्यय होय. ‘पेत्र’ व ‘पौल’ ह्या नांवांतही मराठीनें तो सोडिला आहे. शिवाय ग्रीकांत ‘श’ नाहीं. मूळ इब्री ‘येशूआ’ ह्यांतील ‘श’ मराठींत शाबूत आहे. अर्थ हा कीं, परमेश्वर तारितो.

सन १९२१ मध्यें रमाबाईंची एकुलती कन्या मनोरमा निवर्तली. तरी त्यांनीं काम सोडिलें नाहीं. तें पुरें करून ५ एप्रिल १९२२ रोजीं त्या प्रभूकडे गेल्या. सन १९२४ मध्यें तें संपूर्ण शास्त्र छापून निघालें.

बंधुभगिनींनो, आपल्या बोलींतील हें नांव पूर्ण आहे; तें निःशंकपणें घ्या.