मख्ख चेहऱ्याची बायको, उड्या मारणारा नवरा

डिस्नेचा १९६७ चा ‘जंगल बुक’ लहानपणी पाहिला नाही असा प्राणी आपल्या कॉलेजात सापडणं कठीण. त्यातला माकडांचा राजा किंग लुई आठवतोय ना? (किपलिंगच्या पुस्तकात तो नाहीच. ओरांगउटान आपल्या जंगलात येणार कुठून!) त्याला आवाज देणारा गायक म्हणजे लुई प्रीमा.

लुईचा जन्म १९१० चा, न्यू ऑर्लिन्सचा. घराणं मूळचं सिसिलीचं. हा ट्रम्पेट वाजवायचा. १९३६ मध्ये त्याने ‘सिंग, सिंग, सिंग’ लिहिलं, पण गाजवलं ते बेनी गुडमनने. १९४८ च्या सुमारास त्याच्या बँडमध्ये कीली स्मिथ नावाची वीस वर्षांची, म्हणजे माझ्याच वयाची मुलगी गायला आली. १९५३ मध्ये लग्न झालं. लुईचं हे चौथं, आणि तो तिच्याहून सतरा वर्षांनी मोठा!

तोवर मोठ्या बँडचे दिवस संपत आले होते. एवढ्या वादकांना पगार देणार कुठून? कामाची चणचण, म्हणून १९५४ च्या शेवटी दोघं लास वेगासच्या सहारा हॉटेलात उभे राहिले. मोठ्या थिएटरात नव्हे हं, कॅसिनोला लागून असलेल्या कॅस्बार लाऊंजमध्ये. लाऊंज कशासाठी, तर गिऱ्हाइकाने खोलीवर झोपायला न जाता जुगाराच्या टेबलांजवळच रेंगाळावं म्हणून. मध्यरात्री सुरुवात, संपायचं पार पहाटे. रात्रीत पाच-पाच शो! सबमिशनच्या आदल्या रात्री आपलं काय होतं ते आठवा.

अशा गोंगाटात नुसतं गोड गाऊन कोण ऐकणार? म्हणून लुई उड्या मारायचा, ओरडायचा. सॅम ब्युटेराचा सॅक्सोफोन त्याच्यावर ताण करायचा. आणि कीली? आखूड केस, मख्ख चेहरा, खांबासारखी उभी. नवरा चिडवतोय, खोड्या काढतोय, ही ढिम्म! मग अचानक तिचा तो स्वच्छ आवाज. मला तर वाटतं, अर्धा शो तिच्या न हसण्यावरच चालायचा. पण बोर्डावर मोठं नाव नेहमी त्याचंच असणार.

‘दॅट ओल्ड ब्लॅक मॅजिक’साठी १९५९ मध्ये, अगदी पहिल्याच ग्रॅमी सोहळ्यात, दोघांना पुरस्कार मिळाला. जानेवारी १९६१ मध्ये केनेडींच्या शपथविधीच्या जलशात ते गायले. आणि त्याच वर्षी घटस्फोट. स्टेजवरचं भांडण खोटं आणि घरातलं खरं, असं झालं बहुतेक. दोन मुली होत्या.

लुईने पुन्हा लग्न केलं, नवी गायिका उभी केली, पण ती जादू काही जमली नाही. १९७५ मध्ये मेंदूतल्या गाठीचं ऑपरेशन झालं, त्यानंतर तो कोमात गेला तो उठलाच नाही. १९७८ मध्ये गेला.

कीली २०१७ पर्यंत होती. २००८ च्या ग्रॅमी सोहळ्यात, एकोणऐंशीव्या वर्षी, ती किड रॉकबरोबर पुन्हा तेच ‘ब्लॅक मॅजिक’ गायली.