सर अल्बर्ट हॉवर्ड : शेतकऱ्यांना गुरू मानणारा साहेब

(द्वितीय वर्ष, कला)

इंग्रजी अमदानीत आपल्या देशात पुष्कळ साहेब लोक आले. बहुतेक जण हुकूम सोडायला आले, काही शिकवायला आले. अडाणी समजल्या जाणाऱ्या शेतकऱ्याच्या बांधावर उभे राहून शिकणारा साहेब विरळाच. सर अल्बर्ट हॉवर्ड हे अशा विरळ माणसांपैकी एक होत. कंपोस्ट खताची 'इंदूर पद्धत' शेतीच्या पुस्तकांत असते; पण ती घडवणाऱ्या माणसाचे चरित्र आपल्या कलाशाखेच्या विद्यार्थ्यांच्या वाचनात सहसा येत नाही. म्हणून हा लेखनप्रपंच.

हॉवर्ड यांचा जन्म 1873 साली इंग्लंडमधील श्रॉपशायर परगण्यात एका शेतकरी कुटुंबात झाला. केंब्रिजला त्यांनी विज्ञानात उत्तम यश मिळवले. पुढे वेस्ट इंडीजमधील बार्बाडोस येथे उसावरील बुरशीरोगांचा अभ्यास करताना एक गोष्ट त्यांच्या मनाला बोचू लागली. आपण इतरांना सल्ला देतो, पण तो स्वतः करून पाहायला आपल्याजवळ गुंठाभरही जमीन नाही! ही उणीव 1905 मध्ये भरून निघाली. बिहारमधील पुसा येथे त्यांची सरकारी वनस्पतितज्ज्ञ म्हणून नेमणूक झाली आणि 75 एकर जमीन हाती आली.

पुसाच्या आसपासच्या शेतकऱ्यांकडे ना फवारे होते, ना विकतची खते. तरीही त्यांची पिके निरोगी होती. हॉवर्ड यांनी ठरवले, की हे लोक काय करतात ते आधी पाहायचे. शेतकरी आणि कीड या दोघांनाच त्यांनी आपले प्राध्यापक मानले. कीड पडली, की तिला मारण्यापूर्वी ते विचार करीत, की जमिनीचे किंवा मशागतीचे काय चुकले असेल?

या कामात त्यांच्या पत्नी गॅब्रिएल यांचा वाटा मोठा होता. त्याही केंब्रिजच्या, आणि वनस्पतिशास्त्रातील नाणावलेल्या संशोधक. 'पुसा 4' आणि 'पुसा 12' हे गाजलेले गव्हाचे वाण या दांपत्याच्या परिश्रमाचे फळ होय. तरी सर्वसामान्य वाचकाला नाव ठाऊक असते ते फक्त पतीचे. ही गोष्ट आपल्या विद्यार्थिनी भगिनींनी ध्यानात ठेवावी.

हॉवर्ड यांच्या अभ्यासातला मला सर्वांत मोलाचा वाटणारा भाग हिवाळी पिकांच्या वेळेविषयीचा आहे. पावसाळ्यात उत्तरेकडील शेतकरी रानात तण वाढू देतात, हा आळस आहे असे पूर्वीचे अधिकारी समजत. हॉवर्ड यांना त्यात शहाणपण दिसले. मातीतील नत्र पावसाच्या पाण्याबरोबर वाहून जाते. तण ते आपल्या अंगात धरून ठेवते. पाऊस सरत आला, की ते तण नांगरून गाडायचे. ते कुजते आणि ऑक्टोबर-नोव्हेंबरात, जमीन निवते व ओल बेताची होते त्या सुमारास, साठवलेले नत्र रब्बीच्या कोवळ्या रोपांना मिळते. तण गाडायला उशीर झाला, तर कुजण्याची क्रियाच पिकाच्या तोंडचा घास काढून घेते. सारा खेळ वेळेचा!

हे वाचताना मला आमच्या घरचा मळा आठवला. आमच्याकडे कोबी-फ्लॉवरचे रोप गणपतीच्या सुमारास वाफ्यावर टाकतात आणि हस्ताचा पाऊस सरल्यावर लावतात. मेथी, मुळा, गाजर, वाटाणा यांच्या पेरणीलाही नक्षत्रच पाहतात. माझे आजोबा सही करीत नसत, अंगठा उठवीत. पण माती मुठीत दाबून वाफसा आला की नाही हे ते सांगत, आणि त्यांचा शब्द खाली पडत नसे.

1924 मध्ये हॉवर्ड इंदूरला आले. होळकर संस्थानने दिलेल्या 300 एकर जमिनीवर त्यांनी नवी संशोधन संस्था उभी केली. तेथे यशवंत वाड या सहकाऱ्याबरोबर त्यांनी चीनमधील जुन्या रीती आणि आपल्याकडचा उकिरडा यांचा मेळ घालून खताची पद्धत बसवली. तिला बाहेरून काहीच आणावे लागत नाही. पऱ्हाट्या, पालापाचोळा, तण, शेण, गोठ्यातील मुताने भिजलेली माती आणि चुलीतील राख एवढीच सामग्री. टणक पऱ्हाट्या रस्त्यावर पसरायच्या, म्हणजे गाड्यांच्या चाकांखाली त्या चेचल्या जातात. नंतर त्या गुरांखाली अंथरायच्या. हे सर्व उथळ खड्ड्यात थरांनी भरून पाणी शिंपडायचे आणि हवा खेळावी म्हणून दोन-तीनदा पालटायचे. पावसाळ्यात खड्ड्यात पाणी साचते म्हणून जमिनीवर ढीग करायचा. साधारण तीन महिन्यांत खत तयार होते. म्हणजे ऑक्टोबरच्या मध्यावर कोबी लावायचा, तर खताचा ढीग जुलैच्या मध्यापर्यंत रचलाच पाहिजे. हिवाळी भाजीची तयारी अशी ऐन पावसात सुरू होते.

1930 साली गॅब्रिएल यांचे निधन झाले. पुढच्याच वर्षी हॉवर्ड यांनी भारत सोडला. त्याच वर्षी वाड यांच्यासह लिहिलेला त्यांचा कंपोस्टवरील ग्रंथ प्रसिद्ध झाला. 1934 मध्ये त्यांना 'सर' हा किताब मिळाला. 1935 मध्ये महात्मा गांधींनी इंदूरची संस्था पाहिली. 1940 साली हॉवर्ड यांचा 'अ‍ॅन अ‍ॅग्रिकल्चरल टेस्टामेंट' हा ग्रंथ निघाला आणि सेंद्रिय शेतीच्या चळवळीला इंग्लंड-अमेरिकेत बळ आले. निरोगी माती असली, की रोग जवळ फिरकत नाहीत, हे त्यांचे मत सर्व शास्त्रज्ञांना पटले नाही. रासायनिक खतांच्या समर्थकांशी त्यांचे अखेरपर्यंत वाद झाले. 20 ऑक्टोबर 1947 रोजी त्यांचे निधन झाले.

हॉवर्ड यांच्या चरित्रातून एक विचार माझ्या मनात घर करून राहिला आहे. त्यांचे नाव जगाने लक्षात ठेवले. पण पुसाच्या ज्या शेतकऱ्यांना त्यांनी गुरू मानले, त्यांची नावे आपल्यापर्यंत आली नाहीत. त्यांना लिहिता येत नव्हते. आमच्यासारखी मुले घरातून पहिल्यांदाच कॉलेजची पायरी चढली आहेत. आता लेखणी आमच्या हाती आहे. आजोबांबरोबर त्यांची मूठभर मातीची पारख गेली, ती काही कोणी लिहून ठेवली नाही. वडिलांना आणि आईला जे ठाऊक आहे ते मात्र अजून विचारता येईल. सुट्टीत घरी जाताना आपण प्रत्येकाने एक कोरी वही बरोबर न्यावी, एवढेच माझे सांगणे आहे.