शाडूच्या मुखापासून शिवछत्रपतींच्या मुद्रेपर्यंत

श्रावण लागला की कोकणातील घरोघरचे पाट गणपतीच्या शाळेत जाऊन पोहोचतात. त्या पाटांवर शाडूचे गोळे चढतात, सोंड वळते, कान रुंदावतात आणि सरतेशेवटी नेत्रांची आखणी होऊन मातीच्या मुखावर मांगल्य उमटते. भाद्रपद शुद्ध चतुर्थीस त्याच मुखासमोर आपण हात जोडतो आणि विसर्जनाच्या दिवशी जड अंतःकरणाने ते जलाशयाच्या स्वाधीन करतो. आजच्या मंगल दिनी, ज्यांची बोटे अशाच मातीत प्रथम रुळली त्या शिल्पकार विनायक पांडुरंग तथा नानासाहेब करमरकर यांचे आम्हांस स्मरण होते.

अलिबागनजीक सासवणे या समुद्रकाठच्या गावी २ ऑक्टोबर १८९१ रोजी त्यांचा जन्म झाला. घरात गणेशमूर्ती घडविण्याची परंपरा होती. मुखाचे काम सर्वांत नाजूक. डोळ्याच्या खाचेत अंगठा तिळभर अधिक दाबला गेला तरी प्रसन्न मुद्रा खिन्न दिसू लागते. हे ज्ञान लहानग्या विनायकास पुस्तकातून नव्हे, तर वडीलधाऱ्यांच्या हातांकडे पाहून लाभले.

गावातील देवळाच्या भिंतीवर या मुलाने शिवछत्रपतींचे चित्र रेखाटले होते. कुलाबा जिल्ह्याचे त्या वेळचे कलेक्टर ऑटो रॉथफील्ड यांच्या दृष्टीस ते पडले आणि त्या गुणग्राही अधिकाऱ्याच्या साहाय्याने खेड्यातील हा मुलगा मुंबईच्या जे. जे. कलाशाळेत दाखल झाला. पुढे सुरेंद्रनाथ टागोर यांच्या प्रोत्साहनाने त्यांनी कलकत्त्यास आपली कार्यशाळा थाटली. १९२० च्या सुमारास ते अधिक अभ्यासासाठी विलायतेस गेले. परंतु परदेशी विद्येने त्यांच्या हातांतील माती परकी झाली नाही. शंख फुंकणारी स्त्री, कोळी तरुणी, कष्टकरी माणसे यांचे आपल्या मातीतले चेहरे त्यांनी तितक्याच आदराने घडविले.

त्यांच्या कसोटीचा क्षण आला तो पुण्याच्या शिवस्मारकाच्या निमित्ताने. अश्वारूढ छत्रपतींचा सुमारे १३.५ फूट उंचीचा ब्राँझचा पुतळा, आणि हाती मुदत थोडी! महाराजांचे छायाचित्र असणे शक्यच नव्हते. जुन्या चित्रांच्या आधारे, कोट्यवधी मनांत वसलेले ते तेजस्वी मुख मातीत उतरवायचे होते. जरा चूक झाली असती, तर अवघ्या महाराष्ट्राच्या श्रद्धेस धक्का बसला असता. मुंबईत माझगाव येथे हा प्रचंड पुतळा एकाच ओतकामात सिद्ध झाला. वितळलेला धातू एकदा साच्यात सोडल्यावर माघार नव्हती. ओतकाम फसते, तर महिन्यांचे श्रम क्षणात वाया जाते. जून १९२८ मध्ये गव्हर्नर सर लेस्ली विल्सन यांच्या हस्ते श्री शिवाजी प्रिपरेटरी मिलिटरी स्कूलच्या आवारात त्याचे अनावरण झाले. देवळाच्या भिंतीवर बालपणी रेखाटलेले दैवत अशा रीतीने ब्राँझमध्ये साकारले.

ब्राँझचा पुतळा शतके टिकतो. परंतु त्याचा जन्म मातीतच होतो. शिल्पकार प्रथम मातीत प्रतिमा घडवितो, तिच्यावरून साचा घेतो, आणि साचा निघाला की त्या मातीचे कार्य संपते. ती पुन्हा ओला गोळा होते. आपल्या श्रमांची प्रतिमा आपल्याच हाताने मोडताना मन कचरते. गणेशमूर्तिकारांच्या घरात वाढलेल्या नानासाहेबांनी मात हे विसर्जन बालपणापासून दरवर्षी पाहिले होते. घडवावे, मनोभावे पूजावे आणि मोह न धरता सोडून द्यावे, हा संस्कार त्यांना घरातच लाभला असावा, असे आम्हांस वाटते.

भारत सरकारने त्यांना पद्मश्री देऊन गौरविले. १३ जून १९६७ रोजी त्यांनी इहलोकीची यात्रा संपविली. सासवण्याचे त्यांचे घर आज शिल्पालय म्हणून ओळखले जाते आणि तेथे त्यांनी घडविलेली मुखे पाहणाऱ्याशी मूकपणे बोलतात.

श्रींची आरती करताना आपण मूर्तीच्या मुखाकडे पाहतो. ज्या अनाम हातांनी ते मुख घडविले, त्यांचेही क्षणभर स्मरण करावे. त्या हातांतूनच एखादा करमरकर उदयास येतो. गणपती बाप्पा मोरया!