निवृत्तीनंतरचे अर्धशतक

पावसाळा भरास आला की राधानगरी धरणाचे स्वयंचलित दरवाजे उघडल्याची वार्ता कोल्हापूर जिल्ह्यात सर्वतोमुखी होते. पाणी ठरावीक पातळीस पोचले की दरवाजा आपोआप उघडतो आणि पातळी उतरली की मिटतो. अशा दरवाजांची कल्पना १९०३ साली खडकवासल्यास मूर्त रूपात आणणारे अभियंते म्हणजे सर मोक्षगुंडम विश्वेश्वरय्या. त्यांचा जन्मदिन, १५ सप्टेंबर, देशभर अभियंता दिन म्हणून पाळला जातो. स्थापत्य व ग्रामीण अभियांत्रिकीचे शिक्षण देणारी संस्था ज्या गावात आहे, त्या गारगोटीस तर या चरित्राचे स्मरण अधिकच उचित होय.

म्हैसूर संस्थानातील मुद्देनहळ्ळी हे त्यांचे जन्मगाव. लहानपणीच पितृछत्र हरपले. शिकवण्या करून त्यांनी बंगळुरास पदवी मिळविली आणि संस्थानच्या शिष्यवृत्तीवर पुण्याच्या विज्ञान महाविद्यालयात अभियांत्रिकीचा अभ्यास पुरा केला. १८८४ साली मुंबई इलाख्याच्या बांधकाम खात्यात ते रुजू झाले. नाशिक, खानदेश, सक्कर, पुणे अशी त्यांची नोकरी झाली. कचेरीपेक्षा नदीकाठ आणि कालव्याची वाट यांवरच तिचा मोठा भाग गेला.

खडकवासल्याचे पुष्कळ पाणी सांडव्यावरून वाहून जात असे. धरणाची उंची न वाढविता सांडव्यावरच आपोआप उघडझाप करणारे दरवाजे बसवून त्यांनी साठा वाढविला. पाटाच्या मुखाशी असणारा बागायतदार मुबलक पाणी घेतो आणि शेवटच्या टोकाचा शेतकरी कोरडा राहतो, हा अनुभवही त्यांना नित्याचा होता. त्यावर त्यांनी गटपद्धती सुचविली. ठरावीक क्षेत्राचे गट पाडून त्यांत उसाबरोबर कमी पाण्याची पिके फिरती ठेवावयाची, म्हणजे तेच पाणी अधिक गावांना पुरते.

१९०८ साली, पन्नाशीही न गाठता, ते या सेवेतून निवृत्त झाले. खात्यातील सर्वोच्च पद भारतीयास मिळण्याची आशा त्या काळी नव्हती. परंतु पुढील चोपन्न वर्षांनी निवृत्ती या शब्दाचा अर्थच पालटून टाकला. त्याच वर्षी मुसी नदीच्या महापुराने हैदराबादेत हाहाकार उडाला. पूरनियंत्रणासाठी त्यांनी सुचविलेल्या योजनेतून पुढे उस्मानसागर आणि हिमायतसागर उभे राहिले. १९०९ साली ते म्हैसूरचे मुख्य अभियंता झाले आणि १९१२ साली दिवाण. कृष्णराजसागराचे काम १९११ साली सुरू झाले. म्हैसूर विद्यापीठाची स्थापना १९१६ सालची. दिवाणगिरी सुटल्यावर त्यांनी भद्रावतीचा लोखंडाचा कारखानाही सांभाळला. नियोजित अर्थव्यवस्थेवरील त्यांचा ग्रंथ १९३४ साली प्रसिद्ध झाला. १९५५ साली त्यांना भारतरत्न मिळाले. १४ एप्रिल १९६२ रोजी, शंभरी ओलांडून, त्यांनी देह ठेवला.

संसारसुख त्यांना फारसे लाभले नाही. आईचा आणि आप्तांचा भार मात्र त्यांनी आनंदाने वाहिला. मोकळ्या हवेत झपझप चालण्याचा नेम त्यांनी उतारवयातही मोडला नाही. दीर्घायुष्यामागे ही साधी शिस्त होती.

त्यांच्या चरित्रातील एक प्रसंग मात्र कोल्हापूरच्या वाचकाला नजरेआड करता येणार नाही. ब्राह्मणेतरांना सरकारी नोकऱ्यांत राखीव जागा देण्याचा विचार म्हैसूरच्या महाराजांनी सुरू केला, तेव्हा विश्वेश्वरय्यांना तो रुचला नाही. गुणवत्तेस बाध येईल, अशी त्यांची धारणा होती. या मतभेदातूनच १९१८ साली ते दिवाणपदावरून दूर झाले. शाहू छत्रपतींनी १९०२ सालीच आपल्या संस्थानात पन्नास टक्के जागा राखून ठेवल्या होत्या. राधानगरीचे धरण बांधावयास घेणारे राजेही तेच. पाणी अडवावे तसे ते वाटावेही लागते, हे सूत्र शाहूंनी समाजालाही लावले.

विश्वेश्वरय्यांच्या सचोटीविषयी कोणाचेच दुमत नाही आणि तत्त्वासाठी पद सोडणेही सोपे नव्हते. तथापि पाटाच्या टोकाचा शेतकरी ज्यांना स्पष्ट दिसला, त्यांना समाजाच्या टोकाचा विद्यार्थी तितका स्पष्ट दिसला नाही. भुदरगडच्या वाड्यावस्त्यांतून येऊन गारगोटीत अभियांत्रिकी शिकणारा, घराण्यातील पहिलाच शिकलेला मुलगा या दोन्ही थोर पुरुषांच्या ऋणात आहे. अचूक मोजमाप आणि अखंड उद्योग त्याने विश्वेश्वरय्यांकडून घ्यावा. आपल्या हातून सुटणारे पाणी शेवटच्या शेतापर्यंत पोचते की नाही हे पाहण्याची दृष्टी मात्र त्या दोघांच्या कार्यातून घ्यावी.