रक्तपेढी उभारणाऱ्या डॉक्टरचा अपघात

१ एप्रिल १९५०. सकाळी आठच्या सुमारास अमेरिकेतल्या नॉर्थ कॅरोलिना राज्यात, हॉ रिव्हर गावाजवळ एक मोटार रस्ता सोडून खाली उतरली आणि कोलांट्या खात गेली. आत चार डॉक्टर होते. तिघे वाचले. चालवणारे दगावले. ते होते डॉ. चार्ल्स ड्रू, वय ४५. अपघातातल्या रुग्णाला आज आपण जे साठवलेले रक्त आणि प्लाझ्मा देतो, त्याची मोठ्या प्रमाणावरची व्यवस्था पहिल्यांदा बसवून देणाऱ्यांपैकी हे एक.

ड्रू यांचा जन्म १९०४ सालचा, वॉशिंग्टनचा. वडील घरोघरी गालिचे बसवण्याचे काम करीत. मुलगा खेळात इतका चांगला, की कॉलेजात त्याची ओळख खेळाडू म्हणूनच होती. कृष्णवर्णीयांना त्या काळी अमेरिकेत मोजक्याच वैद्यकीय महाविद्यालयांत प्रवेश मिळे. ड्रू कॅनडात मॉन्ट्रियलच्या मॅकगिल विद्यापीठात गेले आणि १९३३ मध्ये वर्गात दुसरे आले. पुढे न्यूयॉर्कच्या कोलंबिया विद्यापीठात डॉ. जॉन स्कडर यांच्याबरोबर त्यांनी रक्त साठवण्यावर काम केले. १९४० मध्ये त्यांनी त्याच विषयावर प्रबंध लिहिला.

अडचण अशी होती, की रक्त बाटलीत जेमतेम आठवडाभर टिके. तांबड्या पेशी फुटू लागत, त्यांतले पोटॅशियम बाहेर पडे. पेशी बाजूला काढल्या, की उरणारा पिवळसर प्लाझ्मा मात्र पुष्कळ जास्त टिकतो. रक्तस्राव झालेल्या माणसाच्या वाहिन्या रिकाम्या पडतात आणि त्या भरायला सुरुवातीला प्लाझ्माही उपयोगी पडतो. १९४० मध्ये लंडनवर बाँब पडू लागले तेव्हा न्यूयॉर्कमधून ब्रिटनला प्लाझ्मा पाठवण्याच्या मोहिमेची वैद्यकीय जबाबदारी ड्रू यांच्यावर आली. सुमारे १४,५०० जणांनी रक्त दिले आणि ५,००० लिटरहून अधिक प्लाझ्मा समुद्रापार गेला. बाटली कशी उकळायची, जंतूंची तपासणी कधी करायची, कोणी काय नोंदवायचे, हे सगळे त्यांनी ठरवून दिले. मला त्यांचे मोठेपण शोधापेक्षा या काटेकोरपणात दिसते. रक्तपेढी चालते ती शिस्तीवर.

१९४१ मध्ये ते हॉवर्ड विद्यापीठात शस्त्रक्रिया विभागाचे प्रमुख झाले. त्याच सुमारास अमेरिकी सैन्यासाठी रक्त गोळा होऊ लागले. आधी कृष्णवर्णीयांचे रक्त नाकारले गेले, नंतर वेगळे ठेवले गेले. याला शास्त्रात काडीचाही आधार नाही, हे ड्रू यांनी जाहीरपणे सांगितले.

आता त्या सकाळकडे येऊ. अलाबामातल्या टस्कीगी येथे दरवर्षी मोफत शिबिर भरे. तिकडे निघालेले हे चौघे मध्यरात्रीनंतर वॉशिंग्टनहून निघाले. आदला अख्खा दिवस कामात गेलेला. दक्षिणेत कृष्णवर्णीयांना वाटेत हॉटेल मिळणे कठीण, तेव्हा मोटार चालवत राहणे आले. सुमारे ४५० किलोमीटर झाल्यावर डुलकी लागली. त्या काळच्या मोटारींना सीटबेल्ट नसत. ड्रू अर्धवट बाहेर फेकले गेले आणि मोटार त्यांच्या अंगावरून उलटली.

रस्त्याच्या कडेला डॉक्टर असला, तरी त्याच्याजवळ दोन हातांपलीकडे फारसे काही नसते. म्हणजे तुमच्याजवळ असते तेवढेच. वाहते रक्त स्वच्छ कापडाने घट्ट दाबून धरायचे. कापड भिजले तर ते न काढता वरून दुसरे ठेवायचे. मोटारीची चावी बंद करायची. आग लागण्याची भीती नसेल तर जखमीला ओढून काढायचे नाही, कारण मान मोडलेली असू शकते. बेशुद्ध आहे पण श्वास चालू आहे, अशा माणसाला उताणे ठेवण्यात जीभ मागे पडण्याचा, उलटी श्वासनलिकेत जाण्याचा धोका असतो. मान आणि धड एका रेषेत धरून दोघातिघांनी त्याला कुशीवर वळवावे. पाणी पाजू नये. आमच्या कॅज्युअल्टीत आजही निम्मे नातेवाईक पहिल्यांदा हेच सांगतात, की पाणी पाजलं हो डॉक्टर. १०८ ला फोन करताना जवळचा किलोमीटरचा दगड वाचून सांगा. आणि ओरडणाऱ्याच्या आधी गप्प पडलेल्याकडे पाहा.

ड्रू यांना बर्लिंग्टनच्या अलामान्स जनरल हॉस्पिटलात नेले गेले. तिथल्या गोऱ्या डॉक्टरांनी लगेच उपचार सुरू केले, पण थोड्याच वेळात त्यांचा मृत्यू झाला. छाती चेपली गेली होती. सोबतचे डॉ. जॉन फोर्ड यांनी पुढे सांगितले, की हृदयाकडे रक्त नेणारी वरची महाशीर अडली होती. वाटच अडली असेल, तर वरून कितीही रक्त दिले तरी उपयोग कसा व्हावा?

तरीही देशभर बातमी पसरली, की रक्तपेढीच्या जनकाला कृष्णवर्णीय म्हणून रक्त नाकारले. फोर्ड यांनी ती वारंवार खोडली. ड्रू यांच्या पत्नी लेनोर यांनी डॉक्टरांचे आभार मानले होते. अफवा मात्र कित्येक वर्षे टिकली, आणि लोक मूर्ख होते म्हणून टिकली असे मला वाटत नाही. त्याच वर्षी डिसेंबरमध्ये त्याच भागात मोटार अपघातात सापडलेल्या एका कृष्णवर्णीय तरुणाला एका मोठ्या हॉस्पिटलने, त्याच्या वर्णाच्या रुग्णांसाठी खाट नाही, म्हणून परत पाठवले. थोड्याच वेळात तो गेला. लोकांनी ड्रू यांच्याविषयी जे मानले, ते इतरांच्या बाबतीत खरोखर घडत होते.

आपल्याकडे भीती वेगळी आहे, पोलिसांची. २०१९ च्या दुरुस्तीनंतर मोटार वाहन कायद्यातले १३४ अ हे कलम सांगते, की सद्भावनेने जखमीला मदत करणाऱ्यावर त्या मदतीबद्दल दिवाणी वा फौजदारी जबाबदारी येत नाही, आणि त्याखालच्या नियमांनुसार त्याने नाव सांगायचे की नाही हे त्याच्या मर्जीवर आहे. अपघाताच्या रुग्णाला घेऊन येणारे पुष्कळ जण तरी दारातूनच परत फिरतात. किती वाजता झाले, शुद्ध कधी गेली, हे विचारायला मी बाहेर येतो तोवर रिक्षा निघून गेलेली असते.