राजर्षी शाहू छत्रपती व गावकामगारांचे शिक्षण

राजर्षी शाहू छत्रपतींचे नाव ठाऊक नाही असे घर आपल्या सभासद-मंडळींत सापडावयाचे नाही. वेदोक्त प्रकरण, राधानगरीचे धरण, मल्लविद्येस दिलेला आश्रय, अस्पृश्योद्धार यांविषयी पुष्कळ लिहिले गेले आहे व ते योग्यच आहे. परंतु सरकारी चाकरीत माणसे कशी घ्यावीत, घेतलेल्यांस तयार कसे करावे आणि त्यांच्याकडून रयतेचे काम कसे करवून घ्यावे, या रुक्ष वाटणाऱ्या विषयात महाराजांनी जे केले त्याकडे फारसे कोणाचे लक्ष जात नाही. आपल्या घरांतील मुलेमुली महसूल खात्याच्या व ग्रामपंचायतीच्या नोकऱ्यांसाठी परीक्षांस बसत असता, त्या चरित्राचे हेच अंग येथे मांडावे असे आम्हांस वाटले.

महाराजांचा जन्म २६ जून १८७४ रोजी कागलच्या घाटगे घराण्यात झाला. मूळ नाव यशवंतराव. मार्च १८८४ मध्ये ते करवीरच्या गादीवर दत्तक आले. राजकोटच्या राजकुमार महाविद्यालयात व पुढे धारवाड येथे फ्रेझर साहेबांच्या देखरेखीखाली त्यांचे शिक्षण झाले आणि २ एप्रिल १८९४ रोजी राज्याची सूत्रे त्यांच्या हाती आली. राजाने गादीवर बसण्यापूर्वी कित्येक वर्षे कारभाराचे धडे घ्यावेत, हा अनुभव त्यांनी स्वतः घेतला होता. मग गावच्या पाटलाने ते का घेऊ नयेत, हा विचार त्यांच्या मनात पुढे आला असल्यास नवल नाही.

सूत्रे हाती घेतली तेव्हा दरबारची स्थिती अशी होती की, सामान्य कारभारातील ७१ जागांपैकी ६० जागा एकट्या ब्राह्मण समाजाकडे होत्या, व कारकुनांच्या सुमारे ५०० जागांपैकी इतरांच्या वाट्यास अवघ्या १० आल्या होत्या. एखाद्या जातीस दोष देण्यासाठी आम्ही हे आकडे देत नाही. ज्या घरात लेखणी पिढ्यान्‌पिढ्या होती त्या घरातून कारकून निघाले. ज्या घरात नांगर होता तेथून निघाले नाहीत, इतकाच त्याचा अर्थ. महाराजांनी रोगाचे मूळ नेमके येथेच ओळखले. १८९५ मध्ये भास्करराव जाधवांसारख्या उच्चविद्याविभूषित तरुणास त्यांनी दरबारच्या चाकरीत आणले खरे, परंतु असे तरुण हाताच्या बोटांवर मोजण्याइतकेच होते. तेव्हा १९०१ मध्ये व्हिक्टोरिया मराठा बोर्डिंग निघाले, आणि पुढे जैन, मुसलमान, लिंगायत, अस्पृश्य अशा निरनिराळ्या समाजांची वसतिगृहे कोल्हापुरास उभी राहिली. आपल्यासारख्या ज्ञातिसंस्थांनी वसतिगृहे काढण्याची जी प्रथा महाराष्ट्रभर पडली, तिला मोठे बळ याच उदाहरणाने दिले.

यानंतर २६ जुलै १९०२ चा सुप्रसिद्ध जाहीरनामा निघाला. महाराज त्या वेळी सातव्या एडवर्ड बादशहांच्या राज्यारोहणानिमित्त विलायतेस होते. रिकाम्या होणाऱ्या जागांपैकी निम्म्या जागा मागासलेल्या वर्गांस द्याव्यात, ही आज्ञा सर्वांस परिचित आहे. त्याच जाहीरनाम्यातील शेवटची बाब मात्र क्वचितच सांगितली जाते. प्रत्येक खात्याच्या मुख्याने नव्या नेमणुकांचे पत्रक दर तिमाहीस दरबारास सादर करावे, असे त्यात बजाविलेले होते. आमच्या मते सगळी मेख येथे आहे. आज्ञा काढणारे राजे पुष्कळ झाले. आज्ञा पाळली गेली की नाही हे दर तीन महिन्यांनी कागदावर पाहणारा विरळा.

गावपातळीवरचे काम याहून कठीण होते. करवीर इलाख्यात पाटील व कुलकर्णी, तर आमच्या येरमाळ्याकडे निजामी अमलात पाटील व पटवारी, अशा वतनदारांच्या हाती गावचा सारा कारभार असे. बापाची जागा मुलास मिळे. त्यास हिशेब येतो की नाही, हा प्रश्न गौण. पाटलास दप्तर वाचता आले नाही, तर तो दप्तर लिहिणाऱ्याच्या मुठीत जाई, आणि त्याच्या मागोमाग सारा गाव. १९११ च्या दिल्ली दरबाराच्या स्मरणार्थ महाराजांनी कोल्हापुरास खास पाटलांसाठी शाळा काढली, ती या दुखण्यावर. वतन न मोडता वतनदारास कामाचा करावा, असा तो पहिला प्रयत्न होय.

पुढे १९१८ मध्ये मात्र त्यांनी कुलकर्णी वतनेच खालसा केली व पगारी तलाठी नेमले. वतनदारांनी मोठी चळवळ केली. पिढीजात उत्पन्न गेल्याने कित्येक घरांस झळ लागली, हे नाकारण्याचे कारण नाही. आणि एका जातीविरुद्धचा हा डाव आहे, अशी टीकाही झाली. परंतु पगारी नोकरास शिकविता येते, त्याची बदली करता येते, चुकल्यास त्यास जाब विचारता येतो. वतनदारापुढे यांतले काहीच चालत नसे. तलाठ्याच्या जागेवर महार समाजातील शिकलेले तरुणही नेमले गेले, व ज्या गावात त्यांनी वेशीबाहेर उभे राहावयाचे, त्या गावचे दप्तर त्यांच्या हाती आले. नवशिक्या माणसांनी कारभार ढासळेल, अशी भीती घालणारे त्या वेळीही होतेच.

येडेश्वरीच्या चैत्री यात्रेस आमच्या गावी लाखोंचा समुदाय लोटतो. त्या दिवसांत पाण्याची, दिवाबत्तीची व झाडलोटीची व्यवस्था गावकामगारांनी मनापासून केली की नाही, हे यात्रेकरूस न सांगता कळते. चाकराची वृत्ती हा विषय महाराजांनीही सोडला नव्हता. जानेवारी १९१९ मध्ये त्यांनी दवाखाने, कचेऱ्या व शाळा येथील नोकरांस हुकूम दिले की अस्पृश्यांस इतरांप्रमाणेच वागवावे. ज्यांस हे मान्य नसेल त्यांनी सहा आठवड्यांत राजीनामा द्यावा, व अशांस पेन्शन मिळणार नाही, इतक्या स्पष्ट शब्दांत दवाखान्यांच्या नोकरांस सांगितले गेले. उपदेशाने जे साधले नसते ते पेन्शनच्या धाकाने साधले असावे, असे म्हटल्यास महाराजांच्या मोठेपणास बाध येणार नाही.

या धोरणाचे फळ त्यांना डोळ्यांनी पाहावयास मिळाले. १९१२ पर्यंतच सामान्य कारभारातील जागा ९५ झाल्या होत्या आणि त्यांपैकी ६० इतर समाजांच्या हाती आल्या होत्या. १९१७ मध्ये सक्तीच्या व मोफत प्राथमिक शिक्षणाचा हुकूम निघाला, तोही याच मालिकेतला. ६ मे १९२२ रोजी मुंबई येथे, वयाची अठ्ठेचाळीस वर्षे पुरी होण्यापूर्वीच, त्यांनी देह ठेवला; त्या वेळी कोल्हापूरच्या वसतिगृहांतून राहिलेली मुले गावोगाव कचेऱ्यांत दप्तर सांभाळीत होती.