ताराबाई मोडक आणि अंगणातली शाळा

मंडळाच्या वर्धापनदिनाच्या स्मरणिकेसाठी काहीतरी लिहून द्या, असे चिटणीसबाईंनी सांगितले तेव्हा मी प्रथम नाहीच म्हटले. लिहिणाऱ्या भगिनी आपल्यात पुष्कळ आहेत. माझा हात पोळपाटावर जितका सहज चालतो तितका कागदावर चालत नाही. परंतु त्याच आठवड्यात माझ्या नातीचे पुस्तक हाती पडले. ती बी.ए.ला मानसशास्त्र घेऊन शिकते. अध्ययन, स्मरण, विचार, मानवी विकास अशी एकेक प्रकरणे मी दुपारच्या वेळी वाचून काढली. एका जर्मन गृहस्थांनी, त्यांचे नाव एबिंगहाउस, निरर्थक अक्षरांचे तुकडे स्वतः पाठ करून ते किती वेळात विसरतात हे मोजले आणि १८८५ मध्ये पुस्तक लिहिले. ज्याला अर्थ नाही ते मन भराभर टाकून देते, हे त्यांचे मोजमाप वाचून मला हसू आले. आपल्या घरात पाढे आणि कविता पाठ करून घेताना आपण निराळे काय करतो? पुस्तक चांगले आहे. मात्र त्यात एकही मराठी नाव मला सापडले नाही. तेव्हा ठरविले, की आपण ताराबाई मोडकांविषयी लिहावे.

ताराबाईंना मी कधी पाहिले नाही. त्यांची ओळख मला झाली ती माझ्या हातून घडलेल्या एका चुकीमुळे, आणि ती चूक प्रथम सांगून टाकते. नाथ मंदिरामागच्या गल्लीत आम्ही वाड्यात भाड्याने राहत होतो. १९७७ ची गोष्ट. धाकटा मुलगा साडेतीन वर्षांचा होता. शेजारच्या मुलाला सगळी मुळाक्षरे येत, म्हणून माझ्याही मनात आले की याला यायला हवीत. रोज सकाळी पाटी पुढे ठेवून मी त्याचा हात धरून गिरवून घेई. बोटे वळत नसत, की मी चापट मारी. एके दिवशी पाटी नाहीशी झाली. सगळे घर धुंडाळले. चार दिवसांनी दळण काढताना ती ज्वारीच्या कोठीत तळाशी सापडली. त्याने पुरून ठेवली होती. सासूबाई काही बोलल्या नाहीत, पण त्यांनी माझ्याकडे असे पाहिले, की मला जेवण गेले नाही. पुढे बळवंत वाचनालयातून बालशिक्षणावरचे एक जुने पुस्तक आणले. त्यात ताराबाईंचे नाव प्रथम वाचले. त्यानंतर जे मिळेल ते वाचीत गेले.

त्यांचा जन्म १९ एप्रिल १८९२ चा, मुंबईचा. माहेरचे आडनाव केळकर. वडील सदाशिवराव प्रार्थना समाजाचे. त्यामुळे मुलींनी शिकावे की नाही हा वाद त्या घरात नव्हता. १९१४ मध्ये त्या पदवीधर झाल्या. त्या काळी पदवीधर स्त्री रस्त्याने निघाली तर लोक वळून पाहत. लग्नानंतर त्या अमरावतीस आल्या. यजमान वकील होते. हा संसार टिकला नाही. त्याची कारणे उगाळण्यात मला रस नाही. रत्नाकर मतकरींनी त्यांच्या जीवनावर ‘घर तिघांचं हवं’ हे नाटक लिहिले आहे, ज्यांना हवे त्यांनी ते वाचावे. मला महत्त्वाचे वाटते ते हे, की पदरी लहान मुलगी घेऊन एक स्त्री १९२० नंतरच्या त्या वर्षांत घराबाहेर पडली आणि राजकोटला बार्टन स्त्री-अध्यापन महाविद्यालयात प्राचार्या झाली. पगार चांगला, मान मोठा. एकटीच्या दृष्टीने याहून सुरक्षित जागा कोणती? ती जागा त्यांनी सोडली.

सोडण्याचे कारण भावनगरला होते. तेथे दक्षिणामूर्ती संस्थेत गिजुभाई बधेका नावाचे गृहस्थ होते. तेही मूळचे वकील. स्वतःच्या मुलाला कसे शिकवावे या विचारातून ते बालशिक्षणाकडे वळले आणि १९२० मध्ये त्यांनी बालमंदिर सुरू केले. गुजरातेत त्यांना लोक मिशीवाली आई म्हणत. ताराबाई त्यांच्याकडे गेल्या आणि पुढे कितीतरी वर्षे त्यांच्या बरोबरीने काम करीत राहिल्या. १९२६ मध्ये नूतन बाल शिक्षण संघ निघाला. शिक्षणपत्रिका हे मासिक गुजरातीतून निघे, पुढे ताराबाईंनी ते मराठीतही आणले. पत्रिका शिक्षकांसाठी होती तितकीच आईबापांसाठीही. मूल हट्ट का करते, खोटे का बोलते, शिस्त म्हणजे काय, असले घरगुती प्रश्न त्या शास्त्राच्या अंगाने सोडवून दाखवीत.

हे शास्त्र मूळ इटलीचे. मारिया माँटेसोरी या डॉक्टर होत्या. प्रथम त्यांनी मंदबुद्धी म्हणून बाजूला टाकलेल्या मुलांबरोबर काम केले आणि १९०७ मध्ये रोमच्या एका गरीब वस्तीत बालगृह काढले. त्यांनी काय पाहिले ते मी माझ्या शब्दांत सांगते. लहान मूल डोक्याने शिकण्याच्या आधी हाताने शिकते. लाकडी ठोकळ्याच्या भोकांत लहानमोठे दट्टे बसविताना ते एकच काम वीस-वीस वेळा करते. आपल्याला वाटते, खेळते आहे. वास्तविक ते लहान-मोठे, जाड-बारीक यांची तुलना करीत असते, आणि दट्ट्याची मूठ तीन बोटांत धरताना पुढे पेन्सिल धरणारी बोटे तयार होत असतात. खरखरीत कागदाच्या अक्षरावरून बोट फिरविले, की अक्षराचे वळण आधी बोटाच्या लक्षात राहते, मग डोळ्याच्या. लिहिणे हे शेवटी येते. मी ते पहिले धरले होते, आणि तेही चापट मारून. भीतीने मूल गप्प बसते, त्याला आपण लक्ष देणे समजतो. गप्प बसलेल्या मुलाचे सगळे लक्ष आपल्या हाताकडे असते, पाटीकडे नव्हे.

शिक्षा नको हे आपल्याला चटकन पटते. बक्षीसही नको, हे ताराबाईंचे म्हणणे पचायला जड जाते. खाऊसाठी केलेले काम खाऊ संपला की संपते. जे मुलाला करावेसेच वाटते, ते ते पुन्हा पुन्हा करते आणि तेच टिकते. नातीच्या पुस्तकात यालाही एक भारदस्त शब्द आहे, आंतरिक प्रेरणा.

१९३६ मध्ये ताराबाई मुंबईला आल्या आणि दादरला शिशुविहार सुरू झाले. बालवाडीच्या शिक्षिका तयार करण्याचे कामही तेथे होऊ लागले. १९३९ मध्ये गिजुभाई गेले. त्याच वर्षी माँटेसोरीबाई स्वतः हिंदुस्थानात आल्या आणि महायुद्धामुळे अनेक वर्षे येथेच राहिल्या. त्यांच्या पद्धतीचा सर्वत्र बोलबाला झाला. शिशुविहार नावारूपाला आले होते, सुशिक्षित घरांतली मुले येत होती. ताराबाईंनी येथेच थांबायचे म्हटले असते तरी कोणी नाव ठेवले नसते.

पण दादरला ज्यांची मुले येत, त्यांच्या घरी धुणीभांडी करणाऱ्या बाईच्या मुलाने दट्टे कुठून आणायचे? हे साहित्य महाग असे. गांधीजींची नई तालीम १९३७ मध्ये वर्ध्याच्या परिषदेत पुढे आली होती. खेड्यातल्या मुलाचे शिक्षण खेड्यातल्या वस्तूंतून व्हावे हा विचार हवेत होता. १९४५ मध्ये, वयाच्या त्रेपन्नाव्या वर्षी, ताराबाई ठाणे जिल्ह्यातल्या, म्हणजे आताच्या पालघर जिल्ह्यातल्या, बोर्डी या समुद्रकाठच्या गावी गेल्या. तेथे त्यांनी ग्राम बाल शिक्षा केंद्र काढले. अनुताई वाघ त्यांच्याबरोबर आल्या. अनुताई बालविधवा, वयाने अठरा वर्षांनी लहान. पुढची अठ्ठावीस वर्षे या दोघींनी जे केले त्याला गुरु-शिष्या म्हणावे की मायलेकी, मला ठरविता येत नाही.

बोर्डीला किनाऱ्यावर शंखशिंपले पडलेले. ते गोळा करून लहानमोठे लावले, की दट्ट्यांचे काम झाले. बिया, पाने, खडे, मातीचे गोळे, बांबूचे तुकडे हे सगळे साहित्य झाले. रंग, आकार, संख्या, खरखरीत, गुळगुळीत यांपैकी कशालाही परदेशी पेटी लागत नाही, हे त्यांनी करून दाखविले. मूळ पद्धतीचे अभिमानी अर्थातच नाराज होते. माझे मत विचाराल तर या शास्त्राचा गाभा माँटेसोरीबाईंइतकाच ताराबाईंना कळला होता, म्हणून तर त्या पेटी सोडू शकल्या. ज्याला गाभा कळत नाही तो पेटीला घट्ट धरून बसतो. बालवाडी हा साधा शब्दही त्यांनीच रूढ केला.

तरीही वारली पाड्यावरची मुले केंद्रात येईनात. या ठिकाणी बहुतेक माणसांनी, या लोकांना शिक्षणाची आवड नाही, असा शेरा मारून वही मिटली असती. ताराबाई पाड्यावर गेल्या. पाहतात तो, आईबाप पहाटेच कामाला गेलेले, पाच-सहा वर्षांची मुलगी धाकट्या भावाला कडेवर घेऊन बसलेली, त्याहून मोठे पोर गुरांमागे. येणार कोण? तेव्हा मूल शाळेत येत नाही तर शाळा मुलाकडे नेऊ, असे ठरले. झोपडीसमोरच्या अंगणात बालवाडी भरू लागली. तिचे नाव अंगणवाडी. प्रथम मुलांची नखे काढायची, केस विंचरायचे, अंघोळ घालायची, मग गाणी आणि गोष्टी. १९५७ मध्ये काम कोसबाडच्या टेकडीवर हलले. तेव्हा त्या पासष्ट वर्षांच्या होत्या. तेथे विकासवाडी झाली: पाळणाघर, बालवाडी आणि प्राथमिक शाळा एकाच ठिकाणी, म्हणजे धाकट्याला सांभाळणारी बहीणही शिकू शकेल. गुरे राखणाऱ्यांसाठी कुरणावर शाळा भरे, तिला कुरणशाळा म्हणत. रानातल्या मुलाला झाडे, पाखरे, पाऊलवाटा बिनचूक लक्षात राहतात. ज्याला आपण ढ म्हणतो त्याची स्मरणशक्ती उत्तम असते, फक्त ती आपल्या पुस्तकाच्या कामी येत नाही. तेथून शिकवायला सुरुवात करावी, हे त्या टेकडीवरचे मानसशास्त्र.

मी १९८४ मध्ये कोसबाड पाहून आले. चिकूच्या बागांतून एस.टी.ने गेलो. ताराबाई जाऊन तेव्हा अकरा वर्षे झाली होती. एका ओसरीवर चार-पाच वर्षांची एक मुलगी बिया आकारावरून वेगळ्या करीत बसली होती. आम्ही आठ बायका भोवती उभ्या राहून बोलत होतो, तिने मान वर केली नाही. परतीच्या वाटेवर मला सारखी ज्वारीच्या कोठीतली पाटी आठवत होती.

शासनाने ताराबाईंना १९६२ मध्ये पद्मभूषण दिले. ३१ ऑगस्ट १९७३ रोजी त्या निवर्तल्या. अनुताईंनी काम पुढे चालविले; त्यांचे ‘कोसबाडच्या टेकडीवरून’ हे पुस्तक मिळाले तर जरूर वाचावे. अनुताई १९९२ मध्ये गेल्या. २ ऑक्टोबर १९७५ रोजी देशात एकात्मिक बालविकास योजना सुरू झाली आणि अंगणवाडी हा शब्द मराठी मुलुखाबाहेरही सर्वतोमुखी झाला. २०२० च्या राष्ट्रीय शिक्षण धोरणाने तीन ते आठ वर्षांचा एकच पायाभूत टप्पा धरला आणि खेळातून शिकण्यावर भर दिला. हे कागदावर यायला बोर्डीपासून पंचाहत्तर वर्षे लागली, असे म्हणण्याचा मोह होतो.

आता आपल्या घरचे. मंडळाची बालवाडी मी एकोणीस वर्षे पाहिली. चिंचोके, ज्वारीचे दाणे, मंडईतून आणलेली मटारची टरफले, बांगड्यांचे तुकडे नव्हे तर आख्ख्या बांगड्या, हे आमचे साहित्य. एक काळ पस्तीस मुले असत. यंदा अकरा आहेत. आया येतात, खोली पाहतात आणि विचारतात, गृहपाठ देता का? साडेतीन वर्षांचे मूल एकापासून शंभरापर्यंत लिहिते का? नाही म्हटले, की नमस्कार करून जातात. मला त्यांचा राग येत नाही. मी त्यांच्याच जागी होते. पुढे मुलाखत आहे, शेजारचे मूल पुढे गेले आहे, ही भीती मला ठाऊक आहे. कार्यकारिणीतल्या काही भगिनींचे म्हणणे आहे, की गृहपाठ सुरू करावा, नाहीतर खोली शिवणवर्गाला द्यावी. खर्चाचा ताळेबंद पाहता त्यांचे म्हणणे चुकीचे नाही. गृहपाठ देऊन मुले आणण्यापेक्षा खोली शिवणाला दिलेली मला चालेल, हे मी सभेत सांगितले आहे आणि त्यावर थोडी वादावादीही झाली.

निर्णय वर्धापनदिनानंतरच्या सभेत व्हायचा आहे. तोवर ज्या सभासद व शेजारी भगिनींच्या घरी तीन ते पाच वर्षांचे मूल आहे, त्यांनी एखाद्या सकाळी नऊ ते अकराच्या दरम्यान बालवाडीत येऊन बसावे. मुलाला काही विचारू नये, नुसते पाहावे. बसायला पाट आहेत. गुडघे दुखणाऱ्यांसाठी दोन खुर्च्या मी घरून आणून ठेवीन.